सिनाइत उठली नाही

मित्रांनो, एक पाय आखूड झाल्यामुळे मी आता डुगडुगते. मी बर्चच्या लाकडाची जुनी खुर्ची. हार्नसांड या दूर उत्तरेकडच्या गावातल्या एका सुताराने मला घडवले आणि तिथल्याच बँकेत, गुन्वोरबाईंच्या टेबलासमोर, मी एकतीस वर्षे काढली. नवे खाते उघडणारे सगळे माझ्यावरच बसत. "काय भक्कम खुर्ची आहे!" असे म्हणत, तेव्हा मला बरे वाटे.

सिनाइतही माझ्यावर बसली. लाल समुद्राकाठच्या आपल्या देशातून ती जीव मुठीत धरून आली होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिची उमेदवारी संपत आली होती. नोकरी पक्की व्हायची तर पगारासाठी खाते हवे होते.

पहिल्या दोन्ही खेपांना गुन्वोरबाईंनी वृद्धाश्रमाच्या कामाच्या पत्रासह तिचे रहिवासाचे ओळखपत्र उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "पासपोर्ट आणा, मग बघू."

तिसऱ्या खेपेला सिनाइत उठलीच नाही. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते फक्त मला कळले.

"ज्या सरकारच्या तावडीतून पळाले, त्याच्याच दारात पासपोर्ट मागू? बाई, सोमवारपर्यंत खातं झालं नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला देतील हो."

मागे रांगेत त्याच वृद्धाश्रमातले एवर्टआजोबा उभे होते. ते म्हणाले, "गुन्वोर, हिची ओळख मी देतो. रोज सकाळी मला लापशी हीच करून देते. तुमच्या बँकेतल्या कॉफीपेक्षा शंभरपट बरी!"

"काका, तशी ओळख चालत नाही."

"मग कशी चालते? नियम कधी उघडून पाहिलास का?"

गुन्वोरबाईंनी कपाट उघडले. त्यांनी नियमांचे बाड काढले आणि बराच वेळ वाचत राहिल्या. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"हे ओळखपत्र आणि कामाचे पत्र पुरेसे आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दोनदा उगाच परत पाठवलं. चुकलं माझं."

सिनाइत रडली नाही. तिने एवढेच विचारले, "सही कुठे करू?"

पुढे ती शाखा बंद झाली. आज मी एका गोदामात धूळ खात पडले आहे. त्याची मला खंत आहेच. पण त्याहून मोठी खंत सिनाइतच्या आधी माझ्यावरून मुकाट्याने उठून गेलेल्यांची वाटते. त्यांच्यासाठी कुणी बाड उघडले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही टेबलापलीकडे बसाल. परक्या मुलुखातून आलेले कुणी समोर कागद ठेवेल. 'नाही' म्हणण्याआधी एकदा नीट वाचा.