दोन बोटं आखूड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हातभर लांब, अंगठ्याएवढी रुंद. मिरवून सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही, आणि जे आहे ते सांगताना मान वर होत नाही. तरी सांगते.

हौशी वैमानिकांच्या एका क्लबात दोन माणसांचं छोटं विमान होतं. त्यातला पेट्रोलचा काटा टाकी कोरडी पडली तरी अर्ध्यावर डुलक्या काढायचा. म्हणून क्लबातल्याच टेलरमास्तरांनी मला घडवलं आणि माझ्या अंगावर रेषा कोरल्या. उडण्याआधी मला टाकीत तळापर्यंत बुडवायचं आणि कुठल्या रेषेपर्यंत ओली झाले ते बघायचं, एवढंच माझं काम.

मास्तर कपडे शिवून पोट भरत आणि दर रविवारी उडून मन. तिशीत लागलेलं हे वेड साठी उलटली तरी उतरलं नव्हतं. एकदा एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच बसल्या, कारण त्या दिवशी वारा डावीकडून होता. "यंत्र थापा मारेल, माझी पट्टी नाही," असं ते सगळ्यांना सांगत. लाकूड पाण्याने फुगतं तसं मी त्या कौतुकाने फुगत असे.

एके दिवशी विमानाच्या शेपटीला रंग द्यायचा होता. मास्तरांनी रंगाचा डबा माझ्याच टोकाने उचकटला आणि टोक चिरलं. माणूस टापटिपीचा. चिरलेला दोन बोटांचा तुकडा त्यांनी करवतीने कापला, वर पॉलिशपेपर मारला आणि म्हणाले, "आता कशी देखणी दिसतेय!"

रेषा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. पायाखालची दोन बोटं गेल्यामुळे मी टाकीत तेवढी खाली उतरू लागले आणि थोडं पेट्रोलही वरच्या रेषेला लागू लागलं. हे मला पहिल्याच रविवारी कळलं. पट्टीला वाचा नसते हे खरं, पण असती तरी मी बोलले नसते. देखणी म्हटलं होतं ना मला!

तीस वर्षं "मी नाही बाई त्या डबड्यात बसायची" म्हणणाऱ्या काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, अखेर तयार झाल्या. बहिणीचं गाव वरून बघायचं होतं. मास्तरांनी मला दोनदा बुडवलं. मी दोनदा खोटं सांगितलं.

परतीच्या वाटेवर इंजिन बंद पडलं.

"बरं केलंत बंद केलंत," काकू म्हणाल्या. "केवढा तो आवाज!"

मास्तरांनी विमान नांगरलेल्या शेतात उतरवलं. पुढचं चाक मोडलं. काकूंचं मनगटही मोडलं.

"पेट्रोल मी स्वतः मोजलं होतं," मास्तर क्लबच्या सेक्रेटरीला म्हणाले. "गळलं असणार. मिस्त्रीला विचारा."

विमानाचे मिस्त्री म्हणजे मास्तरांचे जुने दोस्त. "हा म्हणतो तर मोजलंच असेल," ते म्हणाले, आणि हॅंगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेले. त्यांचं काम थांबवण्यात आलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर मला नवी पिशवी शिवायला बसले. टेप लावला. माप दोन बोटं कमी भरलं. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय झालं?" प्लास्टर घातलेला हात सांभाळत काकूंनी विचारलं.

"काही नाही. जुनं लाकूड आकसतं कधी कधी."

"नेमकं करवतीच्या सरळ रेषेत?" काकू म्हणाल्या. "मिस्त्री दोनदा येऊन माझा हात बघून गेले. तुम्ही त्यांच्या दारात एकदा तरी गेलात का?"

रविवारी मास्तरांनी सगळ्या सभासदांसमोर मला टेबलावर ठेवलं. "काही गळलं नव्हतं. ही मी कापली, आणि रेषा बदलल्या नाहीत. मिस्त्रीचं नाव मी घेतलं ते..." आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस खाली बघत उभा राहिला. मीही खालीच बघितलं असतं, पण मी आडवीच होते.

मास्तरांचं उडणं वर्षभर बंद झालं. मिस्त्री कामावर परतले. मास्तर आजही दर रविवारी येतात आणि हॅंगर झाडतात. मिस्त्री त्यांना चहा देतात, पण "अरे" म्हणत नाहीत, "अहो मास्तर" म्हणतात.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. तरी मोडली, तर मोडली म्हणून त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगितलेलंही खरंच असतं, पण तोवर भलत्याच कुणीतरी किल्ल्या टेबलावर ठेवलेल्या असतात.