पाण्यातली टिकली

मित्रांनो, भंगारवाल्याने मला एकदा दोन्ही हातांनी उचलून पाहिलं होतं. "वजन शे," म्हणजे वजन आहे, एवढंच तो म्हणाला. इतकी वर्षं इमानेइतबारे राबलेल्या यंत्राला याहून वाईट प्रशस्तिपत्र कोण देणार? मी खांडबाऱ्याच्या हिलालभाऊंच्या घरातला जुना संगणक. पडदा जाड, पंखा घरघरणारा, आणि कळफलकावरचं 'म' हे अक्षर बोटांनी घासून पुसून गेलेलं. पण त्या भंगारवाल्याला मी आजही राग धरून नाही. माझ्या पोटात काय आहे, हे त्याला कसं दिसावं?

माझे भाग सुरतेत एका पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या कारागिराने जोडले. तिथून मला गोधडीत गुंडाळून रेल्वेने खांडबाऱ्याला आणलं. स्टेशनवर उतरवताना हिलालभाऊंनी मला असं छातीशी धरलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं दवाखान्यातून तान्हं घेऊन आले. विसरवाडीच्या चौफुलीवर त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सुरुवातीची वर्षं मी तिथे बिलं छापली. ट्रकांची धूळ खाल्ली, डिझेलचा वास घेतला, उन्हाळ्यात तापलो. मग दुकानात नवा, चपटा भाऊबंद आला आणि मी घरी बसलो.

घरी बसलो म्हणजे पेन्शनीत निघालो असं समजू नका. हिलालभाऊंची मुलगी चारुलता नंदुरबारला कॉलेजात जायला लागली, आणि तिने माझ्यावर घरातले सगळे फोटो चढवायचं मनावर घेतलं. सगळ्यांचे मोबाईल गोळा करून तिने फोटोंचे अल्बम लावले. ब्राउझर उघडायचा, अल्बमवर दाबायचं, की एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला नकाशा. फोटो जिथे काढला, तिथे नकाशावर लाल खूण. मोबाईल फोटो काढतानाच ती जागा गुपचूप नोंदवून ठेवतो, आणि मी ती नकाशावर मांडतो. मोलगीच्या बाजारातल्या फोटोंची खूण डोंगरात, सुरतेच्या लग्नाची सुरतेत. चारुलताची आई, ममतावहिनी, पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या, "अवं, नकाशाले टिकल्या लायात का?" तेव्हापासून आमच्या घरात त्या खुणांना टिकल्याच म्हणतात.

ममतावहिनी मला फक्त पुसायच्या. पण पुसायच्या मनापासून, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. बाई बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट या एका गुणावर उभी आहे.

आता खरी गोष्ट धनुबाईंची. या हिलालभाऊंच्या आई, वहिनींच्या सासूबाई. त्यांचं माहेर तापीकाठचं. त्या परकरी पोर असताना उकई धरणाचं पाणी मागे मागे सरकत आलं आणि त्यांचं गाव त्यात गेलं. लोकांना वर माळावर नवी घरं मिळाली. तिला सगळे वसाहत म्हणतात. धनुबाईंचं लग्न वसाहतीतूनच झालं. त्यांचे थोरले भाऊ रेवजीमामा शेवटपर्यंत तिथेच राहिले.

पाच-सहा उन्हाळ्यांपूर्वी दोघं बहीणभाऊ कुठेतरी फिरून आले होते. मामांच्या मोबाईलमधले फोटो चारुलताने माझ्यावर चढवले. फोटोंत धनुबाई एका दगडी ओट्यावर बसलेल्या. भोवती भेगाळलेला गाळ, बाजूला गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. धनुबाई हसत होत्या. म्हातारी माणसं फोटोसाठी हसतात तशा नव्हे. त्या एखाद्या मुलीसारख्या हसत होत्या. चारुलताने विचारलं, "आजी, अल्बमले नाव काय देऊ?" त्या म्हणाल्या, "गाव."

आणि मित्रांनो, इथेच माझी बदनामी झाली. मी टिकली जिथे लावायची तिथेच लावली, पण ती पडली निळ्याशार पाण्यात! धरणाच्या पाण्याच्या मधोमध एक लाल टिकली. हिलालभाऊ पोट धरून हसले.

"तुन्हा मशीनले ऊन लागनं, चारू. मामानी काय पाण्यात बशीसन फोटो काढा?"

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. नकाशा काढणाऱ्याने भरल्या धरणाचा नकाशा काढला, आणि फोटो काढणारा उतरलेल्या धरणात उभा होता, एवढाच काय तो फरक. पण मला कोण विचारतो? चारुलताने टिकली उचलून वसाहतीवर नेऊन ठेवायचं ठरवलं. माऊस हलणार, इतक्यात मागे उभ्या असलेल्या धनुबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तठेच. हलावू नको."

चारुलताने खांदे उडवले आणि टिकली राहू दिली. का राहू दे, हे कोणीच विचारलं नाही. घरात पोळ्या व्हायच्या होत्या, दुकान उघडायचं होतं. माणसं अशीच असतात, त्यांना प्रश्न सुचतो तो उत्तर देणारा गेल्यावर.

पुढे चारुलताला लॅपटॉप मिळाला. माझ्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली. तेव्हाच तो भंगारवाला येऊन गेला. मला वाचवलं धनुबाईंनी. त्या अधूनमधून दुपारच्या येऊन बसायच्या आणि ममतावहिनींना म्हणायच्या, "माले गाव दखाड." वहिनींना एवढं एकच काम शिकवलेलं होतं. बटण दाबायचं, ब्राउझर उघडायचा, 'गाव' अल्बम उघडायचा. मग दोघी गप्प बसून बघायच्या. धनुबाई फोटोपेक्षा नकाशाच जास्त बघायच्या.

या थंडीत रेवजीमामा गेले.

आणि आली आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर भरतात. घागरीवर डांगर ठेवतात, म्हणजे तुमचं खरबूज. मामांची ही पहिलीच घागर. सकाळी धनुबाई नवं लुगडं नेसून, एक लहानशी घागर काखेत घेऊन निघाल्या.

"ममता, मी गाव जास."

"जा माय. सांजोऱ्या बांधी देऊ का?"

"दोन दे. रेवजीले आवडेत."

झालं. आखाजीला बाई माहेरी निघाली, यात विचारण्यासारखं काय आहे? वहिनींनी रव्याच्या गोड सांजोऱ्या बांधून दिल्या आणि त्या पुरणाच्या मागे लागल्या. धनुबाईंचा मोबाईल तसाच चार्जरला लटकत राहिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वसाहतीतून मामांच्या मुलाचा, नवनीतचा फोन आला. "वहिनी, आत्याले कव्हय धाडशात? घागर भराणी शे."

वहिनींच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "माय तं सकायलेच निंघनी."

"आठे नही उनी."

मित्रांनो, त्यानंतरची घालमेल आठवली तरी माझा पंखा जोरात फिरतो. हिलालभाऊ स्टेशनवर जाऊन आले, जीपच्या थांब्यावर जाऊन आले. जीपवाल्याने सांगितलं, म्हातारी वसाहतीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरली आणि घागर घेऊन उताराने चालू लागली. उताराने म्हणजे पाण्याकडे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि मागे गाळ उरतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण आत लोण्यासारखा मऊ असतो. दरसाल एखादं जनावर त्यात रुततं आणि रुतलेलं निघत नाही. तिथे सत्तरीला टेकलेली बाई, डोक्यावर वैशाखाचं ऊन, सोबत कोणी नाही.

"एकली कशी धाडी तिले?" हिलालभाऊ वहिनींवर ओरडले. वहिनींचे डोळे भरले होते आणि चूल विझत चालली होती.

नवनीतने वसाहतीतल्या जुन्या माणसांना विचारलं. त्यांनी हात लांब करून "तिकडे" म्हणून दाखवलं. पण तिकडे म्हणजे कोसभर पसरलेला गाळ! एक नव्हे, कितीतरी गावं त्यात निजलेली. आत्या कुठल्या अंगाला गेली असेल? नेमकी वाट रेवजीमामांना ठाऊक होती, आणि त्यांच्याच नावाची तर आज घागर होती.

वहिनी अचानक पदराने डोळे पुसत माझ्यासमोर आल्या. फुलदाणी बाजूला, रुमाल बाजूला.

"माय वसाहत जास म्हननी नही," त्या चारुलताला म्हणाल्या. "गाव जास म्हननी. वसाहतले ती कधीच गाव म्हने नही. चारू, तो गावना अल्बम उघाड."

ऐकलंत? इतक्या वर्षांत धनुबाई वसाहतीला वसाहत म्हणत आल्या आणि गावाला गाव. हा फरक घरात एकीच्याच कानात राहिला होता, आणि आता तो ऐन वेळी तिला आठवला.

मी चालू झालो. सावकाश झालो, कबूल आहे. माझ्या वयाला या. त्यात सणाचा दिवस, सगळं गाव मोबाईलवर, त्यामुळे इंटरनेट मुंगीच्या पावलाने. नकाशाचे राखाडी चौकोन एकेक करून भरत गेले. रस्ता आला, फाटा आला, वसाहत आली. मग निळं पाणी आलं, आणि त्या पाण्यात माझी टिकली.

आता कोणी हसलं नाही. हिलालभाऊ पडद्याजवळ वाकले. चारुलताने फाट्यापासूनची वाट शोधायला नकाशा सरकवला, तशी टिकली पडद्याबाहेर गेली. ती परत आली मात्र, वहिनींनी कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या काचेवर, त्या खुणेवर, अंगठ्याने दाबून बसवली.

"आते नही हरपाव," त्या म्हणाल्या.

चारुलता रडता रडता हसली. "आई, नकाशा सरकना का तुन्ही टिकली तठेच ऱ्हाई जास."

"मंग तू सरकावू नको."

या उत्तराला सुरतेच्या कारागिरानेसुद्धा सलाम केला असता. चारुलताने नकाशा पुन्हा वहिनींच्या टिकलीखाली आणला, ती जागा नवनीतच्या मोबाईलवर पाठवली, आणि बापलेक मोटरसायकलवर निघाले.

घरात उरलो आम्ही दोघं, वहिनी आणि मी. पुरण गार झालं. शेजारणी दारात येऊन जात होत्या. वहिनी माझ्यासमोर बसून राहिल्या आणि त्यांनी त्या टिकलीवरून नजर हलवली नाही. माऊसला कोणाला हात लावू दिला नाही. एकदा पडदा झोपायला निघाला, तर त्यांनी माझ्या डोक्यावर अशी चापटी मारली, की मी दचकून जागा झालो. ती चापटी मला अजून आवडते.

ऊन कलल्यावर फोन वाजला. वहिनींनी तो कानाला लावला, आणि पलीकडून हिलालभाऊंचा आवाज मलाही ऐकू आला.

"सापडनी. ओटावर बठेल शे. चप्पल गाळमा गई, म्हनीसन तठेच बठी ऱ्हायनी. चांगली शे, ममता. एकदम चांगली शे."

मग फोनवर धनुबाई आल्या. आवाज खणखणीत. त्यांनी तिथलंच पाणी घागरीत भरून, घागर ओट्यावर भावाच्या नावाने ठेवली होती. त्याच्या वाटेची सांजोरी ठेवून, दुसरी स्वतः खाल्ली होती.

"ममता, सांजोऱ्या कमीच दिध्यात तू."

वहिनी हसल्या आणि मग हुंदका देऊन रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला की असंच होतं, आधी हसू येतं की रडू, याचा धरबंध राहत नाही. मला छाती नाही, पण माझा पंखा त्या दिवसात पहिल्यांदा शांत फिरला.

वाटेत काय झालं ते खुद्द धनुबाईंनीच सांगितलं. चप्पल रुतली तशी त्या थांबल्या. भावाने शिकवलं होतं, गाळात पाय जड झाला की पुढे जायचं नाही, दगड धरायचा. हाताशी दगड होता तो त्यांच्या गावच्या मारुतीचा ओटा. नवनीतने मोबाईलवरची टिकली बघत बघत वाट काढली, आणि ती टिकली त्याला नेमकी त्या ओट्यापाशी घेऊन गेली. माझी बदनामी तिथे, त्या गाळात, कायमची पुरली गेली.

दुसऱ्या दिवशी चारुलताने नवे फोटो माझ्यावर चढवले. त्यांत हिलालभाऊ आजीच्या, म्हणजे स्वतःच्या आईच्या, पायाशी बसलेत आणि पायाचा चिखल धुताहेत. पाण्यात आता जुन्या टिकलीशेजारी दुसरी टिकली पडली. त्या दिवशी धनुबाईंना सगळ्यांनी मध्ये बसवलं आणि जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. झोका कुठल्या झाडाला होता, विहीर कुठे होती, शेजारी कोण राहायचं. त्या सांगत गेल्या आणि चारुलता प्रत्येक फोटोखाली लिहीत गेली. 'म' हे अक्षर पुसलेलं असूनही तिला सापडत होतं, कारण माय, मामा, माहेर, सगळ्यांत तेच लागत होतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राची एक विनंती ऐका. तुमच्याही घरात असे फोटो असतील. त्यातली एखादी खूण चुकीची वाटली, तर ती दुरुस्त करण्याआधी फोटोतल्या माणसाला विचारा. ते माणूस शेजारच्याच खोलीत आहे तोवर विचारा. आणि माझ्यासारख्या कोणाला भंगारात द्यायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा बघून घ्या.

परवा चारुलता माझी काच पुसायला आली. वहिनींची टिकली अजून तशीच चिकटलेली. तिने नखाने ती खरवडायला घेतली, तोच मागून आवाज आला, "ऱ्हाऊ दे तठेच."

चारुलताने या वेळी मागे वळून विचारलं, "का वं आजी?"

धनुबाईंनी माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि नकाशा सरकवला. सुरत आली, नंदुरबार आलं, मोलगीचे डोंगर आले आणि गेले. काचेवरची टिकली जागची हलली नाही.

"देख," त्या म्हणाल्या. "कोठे बी जा. मन्हं गाव आते बुडत नही."