सुलोच्या बाजूची मूठ

"ताउनो, हात नका लावू! आधी फोटो," जूडिथबाई ओरडल्या, पण तोवर मी हात लावून मोकळा झालो होतो.

डांबर फासलेल्या कापडाचं गाठोडं तंबूतल्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. आत सहा कुऱ्हाडींची पाती. तांब्यासारखा तांबूस गंज चढलेला, पण धारा शाबूत. एकाही पात्याने कधी लाकूड चाखलं नव्हतं. आणि त्यांच्याभोवती वळसा घालून तारेने बांधलेली दोघांनी ओढायची करवत.

जूडिथबाई आणि त्यांची विद्यापीठाची मंडळी मे महिन्यापासून आमच्या तळ्याकाठी चार नंबरच्या जुन्या लाकूडतोड छावणीची जागा खणत होती. जमिनीतून निघालेलं लोखंड ओळखायला त्यांनी मला बोलावलं. हा ओंडके उलटवायचा आकडा, ही तासणी, ही पाचर. सत्तरीला आलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही हो. ही जूडिथ, नातीच्या वयाची पोरगी, रोज विचारायची आणि वहीत लिहून घ्यायची. खोटं कशाला बोलू, मी रोज दाढी करून जात होतो.

"हे कुठं सापडलं?" मी विचारलं.

"ओढ्याकाठी. आमचा एक जण फावडी धुवायला गेला, त्याला काळे, तडकलेले दगड दिसले. सौनाची भट्टी होती. तिच्या दगडांखाली खड्डा करून पुरलं होतं."

सौना म्हणजे आम्हा फिनिश लोकांचं वाफेचं न्हाणीघर, तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायची. मी करवतीचे दात अंगठ्याने चाचपले. डांबरामुळे बरेचसे वाचले होते. दर चौथ्या दाताच्या पाठीवर कानशीचा एक तिरका ओरखडा होता. करवतीला दात लावणारा, म्हणजे कानशीने दातांना धार काढणारा, प्रत्येक माणूस आपली एक खूण ठेवतो. ही खूण आमच्या बाबांची होती. ती मला त्यांनीच शिकवली आणि मी चाळीस वर्षं मारली.

आमचे बाबा, हेर्मान्नी किन्नुनेन, चार नंबरच्या छावणीत करवतींना दात लावायचे. अवजारांच्या खोपटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. १९१७ च्या हिवाळ्यात संप झाला, कंपनीने संप मोडायला बाहेरची माणसं आणायचं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात सहा कोऱ्या कुऱ्हाडी आणि एक करवत गायब झाली. किल्लीवाला तोच चोर. बाबांना हाकललं आणि काळ्या यादीत नाव घातलं. नंतर एकाही छावणीने त्यांना दारात उभं केलं नाही. आमच्याच लोकांनी म्हटलं, संपात सगळे उपाशी आणि हा माल विकून खातोय. मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून गावात माझं नाव कुऱ्हाडचोराचा ताउनो. बाबा मासे पकडत पाच वर्षं जगले आणि खोकून गेले.

आणि कुऱ्हाडी तर छावणी सोडून कुठे गेल्याच नव्हत्या!

"विकायला नाही, लपवायला पुरल्या," मी म्हणालो. "बाहेरच्यांच्या हाती अवजार लागू नये म्हणून. पोरी, लिही. हेर्मान्नी चोर नव्हता!"

"लिहिते. पण पुरल्या कोणी? त्या भट्टीला हात कोण लावत असे?"

"कोणी नाही. सौना तापवणारा एकच माणूस. काले. आमच्या सुलोचा बाप..."

तोंडातून नाव निसटलं आणि मी तंबूबाहेर पडलो.

काले हाल्मे. कामगारांच्या हॉलमध्ये स्टेजच्या वर त्याचा फोटो आहे, संपाचा पुढारी म्हणून. त्या फोटोखाली बसून मी आणि सुलोने किती कप कॉफी प्यायली असेल, देव जाणे. सुलो आणि मी एका करवतीची दोन टोकं. एकोणीसशे सव्वीसपासून यांत्रिक करवती येईपर्यंत अठ्ठावीस हिवाळे. या कामात एकच नियम. आपण ओढायचं आणि दुसरा ओढतो तेव्हा हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं. सुलोने कधी ढकललं नाही.

पण मे महिन्यात जूडिथबाईंनी आम्हा म्हाताऱ्यांना विचारलं होतं, छावणीची सौना कुठे होती. मी लहानपणी तिथे गेलो नव्हतो, सुलो बापाबरोबर दर शनिवारी जायचा. त्याने काठीने टेकडी दाखवली. "वर. स्वयंपाकघराच्या मागं." मला तेव्हाच खटकलं होतं. आमच्यातला कुठला शहाणा पाणी सोडून टेकडीवर सौना बांधेल? अंगाची लाही झाल्यावर उडी कशात मारायची, शेवाळात? पण सुलो म्हणतोय म्हणजे असेल, म्हणून मी वर मान डोलावली. त्या बिचाऱ्यांनी टेकडीवर तीन आठवडे खणून पत्र्याचे डबे काढले.

तो शनिवारच होता. संध्याकाळी मी नेहमीसारखा टॉवेल खांद्यावर टाकून सुलोच्या सौनाकडे गेलो. वरच्या फळीवर तो बसला होता, सहा फुटांचा हडकुळा म्हातारा, हातात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"ये रे, सरकारी साहेब! आज काय ओळखलंस? घोड्याची नाल?"

"करवत," मी म्हणालो. "बाबांची."

त्याने जुडी खाली ठेवली. दगडांवर पाणी ओतायला घेतलेला डाव तसाच हातात राहिला. सौनात आवाज चढवायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही, देवळात वागतो तसं वागायचं. आमच्या आयांनी हे थोबाडीत मारून शिकवलंय. म्हणून मी तिथेच विचारलं.

"टेकडी का दाखवलीस, सुलो?"



"तुला कळलंच की."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आमच्या म्हाताऱ्यानंच काढून पुरल्या. संपासाठीच रे, खायला नव्हे. मग तुझ्या बाबांवर आळ आला आणि तो घाबरला. बोलला असता तर तुरुंग होता. नंतर हॉलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, मग तर तोंडच उघडेना."

"तुला कधी कळलं?"

"मरताना बोलला. एक्केचाळीस साली."

मी बोटांवर हिशेब केला नाही, करायची गरज नव्हती. एक्केचाळीस साली मी सोमवारी पहाटे कामावर गेलो असेन, करवतीच्या दुसऱ्या टोकाला हा बसला असेल आणि आम्ही शंभर वर्षांचा पाइन आडवा केला असेल.

"पुढच्या शनिवारी सांगू, म्हटलं," सुलो म्हणाला. "दर शनिवारी म्हणायचो. तू वर येऊन बसायचास, काहीतरी टवाळी करायचास आणि राहूनच जायचं. ताउनो, मी तुझ्या टोकाला कधी ढकललं का रे? एकदा तरी?"

"नाही."

"मग एवढं ऐक. त्या बाईला नाव सांगू नकोस. मी असेपर्यंत तरी. फोटो उतरवलेला बघायला लावू नकोस मला. माझे राहिलेत किती, दोन-तीन हिवाळे."

"एक्केचाळीस साली आई होती माझी," मी म्हणालो.

त्याने डाव बादलीत टाकला.

"आणखी आठ हिवाळे होती ती. रविवारी हॉलमध्ये सगळ्यात मागं, दाराजवळ बसायची, कुणी उठवायच्या आत उठता यावं म्हणून. तुला माहीत होतं. तू तिला खुर्ची आणून द्यायचास. तिच्या शवपेटीला खांदा दिलास तू, सुलो! एक शब्द टाकला असतास तर ती बाई चोराची बायको म्हणून मेली नसती."

सुलो रडायला लागला. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, त्या कंपनीचासुद्धा नाही. कंपनी कुठे माझी होती? मी अंग न धुताच उतरलो, कपडे चढवले आणि घरी आलो. तळ्यावर अजून लख्ख उजेड होता.

सोमवारी जूडिथबाई प्रदर्शनाच्या काचपेटीवर लावायचं कार्ड घेऊन आल्या. करवतीला दात लावणारा, हेर्मान्नी किन्नुनेन, असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

"आणि लपवणारा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही काले म्हणाला होता."

"मी फक्त भट्टी कोण तापवायचं ते सांगितलं. बाकीचं त्याच्या मुलाला विचार. त्याला पक्कं माहीत आहे."

"तुम्ही याल बरोबर?"

"नाही," मी म्हणालो.

दुपारी मी गोठ्यातून आमची करवत उतरवली. बावीस वर्षं खिळ्याला टांगलेली, पण दर शरद ऋतूत मी तिला तेल द्यायचो. दोन्ही टोकांना टणक लाकडाच्या मुठी. माझी मूठ आखूड, सुलोची लांब, त्याच्या पंज्याच्या मापाने मीच तासून दिली होती. त्याच्या बाजूचा नट गंजला होता. रॉकेल सोडून थोडा वेळ थांबलो, मग फिरला. मूठ फडक्याने पुसली आणि त्याच्या सौनाच्या बाहेर, जिथे आम्ही न्हाऊन झाल्यावर बसायचो, त्या बाकावर ठेवून आलो. तो खिडकीत होता. त्याने हात वर केला नाही, मीही नाही.

मग परत येऊन बर्चचा एक ओंडका लाकडी घोडीवर चढवला आणि एकट्याने ओढायला लागलो. आता शनिवारी स्वतःचीच सौना तापवायची तर लाकूड हवं. दोघांच्या करवतीचा सूर तळ्यापलीकडे जातो आणि आमच्याकडे पोरंही तो ओळखतात. एकट्याचा वेगळा असतो. ओढ, थांब, पातं मागे सरकव, पुन्हा ओढ. दुसऱ्या टोकाला कोणी नसलं की मागे सरकवताना पातं थरथरतं. मी घाई केली नाही. सुलोला ऐकू जात होतं, मला ठाऊक होतं.