साठच्या पुढची पोरं

कचेरीच्या खिडकीशी ती मुलगी येऊन उभी राहिली, तेव्हा मस्टरबाई हजेरीपटाचं पान आखत होत्या. त्यांचं खरं नाव कॉलेजात कुणाच्या ओठी नव्हतं. बावीस वर्षं विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांच्याच हातून उतरत आल्या, म्हणून मस्टरबाई. अक्षर असं, की तारेवर पाखरं ओळीनं बसावीत. खाडाखोड औषधालाही सापडायची नाही.

"दाखला काढायचा फॉर्म हवाय."

"कुणाचा?"

"माझाच."

बाईंनी चष्मा वर सरकवला. पहिलं वर्ष, विज्ञान, क्रमांक चौऱ्याहत्तर. सत्र जेमतेम अर्धं झालेलं. मुलीनं उभ्या उभ्या फॉर्म भरला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'.

"वैयक्तिक म्हणजे लग्न, नाहीतर आजारपण," बाई म्हणाल्या. "तुझं काय?"

"दोन्ही नाही."

"मग आत ये बाई. एवढं लांबचं बोलणं खिडकीतून होत नाही."

मुलगी आत येऊन स्टुलाच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "वर्गात मला आजी म्हणतात."

"तुला? वय काय तुझं?"

"साठी उलटली ना माझी, नंबर चौऱ्याहत्तर. एकसष्टपासून पुढच्या सगळ्यांनाच म्हणतात. आजी, आजोबा. 'आजोबा, जिना चढवेल ना?' पहिल्या दिवशी मीसुद्धा हसले होते."

पुढचं तिनं धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. रसायनाच्या प्रयोगशाळेत चार तुकड्या, त्या क्रमांकानं पाडलेल्या. शेवटची तुकडी मागच्या टेबलांवर, जिथे नळाला करंगळीएवढी धार. सर पुढच्या टेबलांवर प्रयोग करून दाखवायचे आणि मान वळवून म्हणायचे, साठच्या पुढच्यांनी नुसतं बघा, तुमचं पासापुरतं होईल. गट पाडायची वेळ आली की पुढच्या टेबलांवरचे आपापसांतच. जातीचं नाव मात्र कुणी काढलं नव्हतं. एकदाही नाही.

"अशा तक्रारींसाठी समिती आहे की आपल्याकडे."

"गेले होते. त्यांनी विचारलं, जात कुणी काढली? म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाले, मग तुम्ही कोण हे त्यांना कळलंच कसं? मला सांगता येईना. मी तर कुणापाशी बोललेही नाही. मग कागद मिटला त्यांनी. पोरांची थट्टा आहे, मनावर घेऊ नकोस म्हणाले."

कसं कळलं ते बाईंना ठाऊक होतं. प्रवेशाच्या फायली दोऱ्यानं बांधलेल्या गठ्ठ्यांतून येत. आधी खुल्या जागांचा गठ्ठा, त्यामागे राखीव जागांचे, एकेका प्रवर्गाचा एकेक. वर पाठवायचा तक्ता प्रवर्गवार लागे, म्हणून बाई वर्गाची यादीही त्याच क्रमानं उतरवत. तेवढीच पानं चाळायची दगदग वाचे. खुल्या जागा साठ. बाईंनी कधी कुणाला वावगा शब्द ऐकवला नव्हता, पण दरवर्षी साठाखाली रेघ पडत होती, आणि ती त्यांच्या हातची होती.

"हा फॉर्म मी सोमवारपर्यंत पुढे सरकवत नाही," त्या म्हणाल्या. "माझं एक काम राहिलंय."

मोठे कारकून, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, डबा उघडून बसले होते. यादी नव्यानं लावायची आणि जुनी कशी लावली ते लिहून द्यायचं, असं बाईंनी त्यांना सांगितलं.

"बाई, बावीस वर्षांत कुणाला खुपलं नाही हे."

"खुपलं असेल. खिडकीपर्यंत आलं नसेल."

"आणि तुम्ही ते समितीला लेखी देणार? निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. तुमच्या मस्टरला आजवर कुणी बोट लावलं नाही, आता आपल्याच हातानं कशाला डाग लावून घेता?"

"डाग होताच, भाऊसाहेब."

"बरं, मग आडनावांप्रमाणे लावा. झालं."

"आडनावात काय लपतं आपल्याकडे?"

भाऊसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "नावांप्रमाणे लावा मग," ते हळूच म्हणाले. "पहिल्या नावांप्रमाणे. तक्त्याचं मी बघतो."

प्राचार्यांनी बाईंचं अर्ध्या पानाचं निवेदन वाचलं आणि पुढच्या वर्षीपासून बदलू म्हणाल्या. मध्येच क्रमांक बदलले तर परीक्षेचे अर्ज, प्रयोगवह्या, सगळाच गोंधळ.

"गोंधळ मी निस्तरते," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी ही मुलगी इथे नसेल."

प्राचार्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग सही केली आणि शेजारी लिहिलं, तुकड्याही नव्या क्रमांकानं.

रविवारी दुपारी बाईंची धाकटी बहीण नावं वाचायला बसली. "अगं ताई, आपल्या सगळ्या लग्नांत मिळून एवढी माणसं नव्हती," ती कुरकुरली, पण वाचत राहिली. दोरे सुटले, गठ्ठे एकात एक मिसळले. चौऱ्याहत्तरावी एकोणिसावी झाली, तिसरा गेला ऐंशीवर.

सोमवारी यादी फळ्यावर लागली. मधल्या सुट्टीत मुलगी खिडकीशी आली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कोण कुठल्या जागेवरचा, ते सगळ्यांना पाठ झालंय बाई. यादी बदलली म्हणून विसरणार आहेत का?"

"नाही विसरणार," बाई म्हणाल्या. "या वर्षी तरी नाही." आणि त्यांनी निवेदनाची प्रत पुढे केली. "कळलं कसं, असं समितीनं तुला विचारलं होतं ना? हे त्याचं उत्तर. खाली सही माझी आहे."

मुलीनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि निघून गेली. मंगळवार गेला. बुधवारीही खिडकीशी कुणी आलं नाही. बाईंनी दोनदा खण उघडला, फॉर्म तिथेच होता.

गुरुवारी ती आली ती मागच्या टेबलांवरच्या आठ जणांना घेऊन. तक्रार दोन पानी होती. कोणत्या तारखेला सर काय म्हणाले, तेव्हा कोण कुठे उभं होतं, सगळं लिहिलेलं. खाली नऊ सह्या, शेवटी जोडलेली बाईंच्या निवेदनाची प्रत.

बाईंनी आवक वहीत नोंद केली, शिक्का मारला. "माझ्या निवेदनावर पुढच्या मंगळवारी समिती बसतेय, तुमची सुनावणीही त्यातच. तक्रारदारांनी स्वतः हजर राहायचं. दाखला घेऊन गेलीस, तर तुझ्या नावाची तक्रार पुढे जाणार नाही."

"म्हणून तर आलेय. तो फॉर्म द्या, रद्द करते."

बाईंनी फॉर्म काढून दिला. मुलीनं त्यावर आडवी रेघ मारून सही केली.

"तुम्हालाही बोलावतील का?"

"बोलावलंय. साडेअकराला."

"सर तुमच्याच तोंडावर विचारतील, बावीस वर्षं काय झोपला होतात का."

"विचारू देत," बाई म्हणाल्या. "हो म्हणेन."

मुलीनं मान हलवली. मागून कुणीतरी तास बुडेल म्हणून घाई करत होतं. ती वळली आणि नऊच्या नऊ जण जिना चढून वर गेले.