आमच्या केंद्रातली सतरा दिव्यांग लेकरं

माझी दिपाली आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदात पळते. पोलीस भरतीचं ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे, रोज पहाटे उठून पळायला जाते. आणि सरकारच्या कॉम्प्युटरवर हीच पोरगी तीन वर्षांपासून ऐंशी टक्के दिव्यांग होती. तिच्या आईनं, म्हणजे मीच, तसं लिहून दिलं होतं.

लिहून दिलं म्हणजे, हातानं न्हाई लिहिलं. पण सही माझी, नाव माझं, आणि पैसे माझ्याच खात्यावर आले. मग दुसऱ्याचं नाव कसं घेऊ?

मी पंचशीला सोनकांबळे. मुखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं झाली शिकवते. गणित चांगलं आहे माझं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई येडी हाय. पण तो इन्कम टॅक्सचा फॉर्म एकदा उघडून बघा हो! जुनी पद्धत की नवी पद्धत, हे कलम, ते कलम, घरभाडं, विमा, लेकरांची फी, आजारपण, आणि प्रत्येकाला वेगळा कागद, वेगळी मर्यादा. पाचवीच्या लेकरांना शेकडेवारी शिकवणारी बाई मी, मला माझाच टॅक्स काढता येत नव्हता. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या सात गावांच्या शाळांतल्या, अठरा शिक्षकांपैकी कुणालाच येत नव्हता. म्हणून आमचे केंद्रप्रमुख रामलिंग सर दर वर्षी सगळ्यांचे पगाराचे कागद गोळा करायचे, प्रत्येकावर पासवर्डची चिठ्ठी टाचायचे आणि गठ्ठा मुखेडच्या स्टँडसमोर शिवमच्या कॉम्प्युटर सेंटरवर नेऊन द्यायचे. दीड महिन्यानं खात्यावर सव्वीस हजार परत यायचे. त्यातले पाच हजार शिवमचे. हे कशाचे आले, असं मी कधी विचारलं नाही. विचारावं वाटलं होतं, पण विचारलं नाही. खोटं कशाला बोलू?

औंदा नोटीस आली. सकाळी चहा ठेवला होता, मोबाइल हातात घेतला आणि वाचलं. तुम्ही तुमच्या ऐंशी टक्के दिव्यांग मुलीच्या सांभाळाची सवलत घेतली आहे. चौदा तारखेला अकरा वाजता नांदेडच्या कार्यालयात प्रमाणपत्रासह हजर राहून खुलासा करावा. मी दोनदा वाचलं. तेवढ्यात दिपाली घामाघूम होऊन आली, दारात बूट काढायला लागली. म्हणाली, "आई, आज दोन सेकंद कमी झाले." मला तिच्याकडं बघवेना. चहा उतू गेला.

दुपारपर्यंत कळलं, केंद्रात सतरा नोटिसा आल्या होत्या. अठरा शिक्षक आणि सतरा जणांची लेकरं दिव्यांग.

शनिवारी शाळा सुटल्यावर रामलिंग सरांनी आमच्याच शाळेत सगळ्यांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. शिवम खाली मान घालून बाकावर बसला होता.

"ह्या सवलतीला सगळ्यात कमी कागद लागत होते," तो म्हणाला. "म्हणून मी सगळ्यांना तेच टाकत गेलो."

माझ्या हातात डस्टर होता. तोच फेकून मारणार होते. "मेल्या, माझी धडधाकट पोरगी तू अंथरुणाला खिळवलीस! तुला कुणी सांगितलं होतं?"

"मॅडम, सव्वीस हजार घेताना तुम्ही मला कुठं विचारलं होतं?"

डस्टर माझ्या हातातच राहिला.

रामलिंग सरांनी घसा साफ केला. चांगला माणूस हो, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. लातूरला एक माणूस आहे, तो चार हजारांत हुबेहूब प्रमाणपत्र करून देतो, शिक्का-सहीसकट, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडं वळले. "सोनकांबळे बाई, सगळ्यात आधीची तारीख तुमची आहे. तुमचा कागद चालला की आमचे सोळा चालले. आणि तिथं तुम्ही तोंड उघडलं, तर सोळा घरं बसली म्हणून समजा. निलंबन होईल सगळ्यांचं."

"आणि माझ्या पोरीची भरती?"

"भरतीला कोण बघतंय इन्कम टॅक्सचा कागद?"

मला बोलायला तोंड होतंच कुठं!

एकच अडचण होती. लातूरच्या माणसाला नमुना पाहिजे होता, आणि खरं प्रमाणपत्र आमच्यात फक्त सिंधु बाईंकडं होतं. सिंधु बाई माझ्याच शाळेवर आहेत. त्यांची पुनम चौदा वर्षांची, दोन्ही पायांत जीव नाही. बाई तिला स्कुटीवर मागं बसवतात, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून घेतात आणि रोज शाळेत आणतात. नोटीस आली नव्हती ती ह्या एकट्या सिंधु बाईंना. म्हणून बैठकीला त्यांना बोलावलंच नव्हतं, आणि दोघं-तिघं कुजबुजत होते की हिनंच वर कळवलं असणार. मलाही तसंच वाटलं. हिचं लेकरू खरंच दिव्यांग, हिची सवलत खरी, म्हणून ही निवांत आहे, असं वाटून मला तिचा रागच आला. बघा माणसाचं मन कसं असतंय.

नमुना आणायचं काम माझ्यावरच आलं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "बाई, पुनमच्या प्रमाणपत्राची एक झेरॉक्स मिळंल का?"

त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं, मग पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. "हे घ्या. मुदत संपलेलं हाय बाई, टेंपररी होतं. चार बाऱ्या नांदेडला नेलं पोरीला, नवीन काही झालं न्हाई. चालंल का?"

"चालंल," मी म्हटलं. नमुन्याची मुदत कोण बघत बसतंय!

तेरा तारखेला संध्याकाळी रामलिंग सर कागद घरी देऊन गेले. दिपाली सोनकांबळे, दोन्ही पायांत कमजोरी, आधाराशिवाय चालता येत नाही, ऐंशी टक्के. पुनमच्या कागदावरचं जसंच्या तसं, फक्त नाव माझ्या लेकीचं आणि मुदत नवी. आमचे हे, म्हणजे पंढरी, मुखेड डेपोला कंडक्टर आहेत. ड्यूटीवरून आले, कागद वाचला आणि बाजूला ठेवून जेवायला बसले. मला वाटलं आता ओरडतील. तर त्यांचं आपलं नेहमीचं भाषण सुरू झालं.

"आधी फुल आणि हाफ, दोनच तिकिटं होती. एका मिनिटात सगळ्या गाडीची तिकिटं फाडून व्हायची. आता मशीनमध्ये सवलतीची यादीच यादी. त्याच्यात कुणाचं वय वाढवलेलं, कुणाचं कार्ड दुसऱ्याचं. अन् जो खरंच म्हातारा असतोय ना, त्याच्याजवळ नेमकं कार्ड नसतंय. त्यो गुमान फुल तिकीट काढतो. टॅक्सचं बी तसंच करून ठेवलंय. एकच दर ठेवा की! पहिल्या काही लाखांना माफी, त्याच्यापुढं रुपयाला दहा पैसे. कलेक्टर असो, कंडक्टर असो. सूट न्हाई, कलम न्हाई, शिवम न्हाई."

"अहो, भाषण ठेवा तिकडं! उद्या मी काय करू ते सांगा."

त्यांनी पाणी पिलं. "ते तूच ठरव. पैसे भरायचे म्हणलीस तर सोसायटीतून कर्ज उचलू. पण त्या कागदावर दिपूचं नाव हाय, एवढं ध्यानात ठेव. एकदा सरकारदरबारी गेला की कधी कुणाच्या हाती लागंल, सांगता येत न्हाई. मग पोरगी कितीबी पळू दे."

चौदाला सकाळच्या गाडीनं निघाले. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आत तो कागद. कंधारच्या स्टँडवर गाडी थांबली आणि रामलिंग सरांचा फोन आला. "बाई, घाबरायचं न्हाई. जास्त बोलायचं न्हाई. कागद द्यायचा, सही करायची, निघायचं. सोळा जण तुमच्याकडं डोळे लावून बसलेत." मी हाव म्हटलं.

कार्यालयात टेबलामागं एक मॅडम होत्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. आवाज चढा नव्हता, त्यामुळं तर जास्तच भीती वाटली. त्यांनी माझं नाव विचारलं, शाळा विचारली, आणि म्हणाल्या, "प्रमाणपत्र आणलं का?"

मी पर्सची चेन उघडली. कागद बोटाला लागला.

मॅडमनी तेवढ्यात एक यादी पुढं ओढली. "त्याच्या आधी एक सांगा. तुमच्या केंद्रात अठरा शिक्षक आहेत. सतरा जणांचं मूल दिव्यांग, तेही ऐंशी टक्के. फक्त एका बाईंनी ही सवलत एकदाही घेतलेली नाही. तिन्ही वर्षं पूर्ण टॅक्स भरलाय. ह्या सिंधु बाई." त्यांनी नावावर पेन टेकवला. "मूल धडधाकट आहे म्हणून तसंच सांगणारी अठरा जणांत एकच निघाली. मी त्यांनाच साक्षीला बोलावणार आहे."

मी वाकून बघितलं. यादीवर खरंच सिंधु बाईंच्या नावापुढं काहीच नव्हतं, कोरी जागा.

"मॅडम, तसं न्हाई," मी म्हटलं.

"काय तसं नाही?"

"त्यांचीच पोरगी चालू शकत न्हाई. अठरा जणांत खरं लेकरू त्या एकटीचं हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "मग त्यांनी सवलत का नाही घेतली?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुदत संपलेलं हाय बाई, चालंल का? आम्ही शिवमला विचारलं होतं, किती परत येतील. तिनं विचारलं असणार, कागद काय काय लागतात. मग त्यानं तिला खरे नियम सांगितले असतील, आणि ती नियमानं बाहेर राहिली.

"प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून!" माझा आवाज एवढा चढला की बाजूच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. "कागदाची मुदत संपली मॅडम, त्या पोरीला पाय न्हाई आले! ही सवलत तिच्यासाठी काढली होती ना सरकारनं? ती आम्ही सतरा जणांनी खाल्ली आणि तिनं पूर्ण टॅक्स भरला. ह्याच्यापेक्षा एकच दर लावून टाका सगळ्यांना. आम्हाला कळंल असा. लबाडाला जागाच ठेवू नका."

"एकच दर लावला तर त्यांची सवलतही जाईल, बाई."

"आत्ता तरी कुठं हाय?"

त्यांनी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "फॉर्म अवघड आहे, हे मलाही मान्य आहे. पण खाली सही तुमची आहे."

"हाव. माझीच हाय."

मी पर्सची चेन लावली. कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, माझी मुलगी दिपाली पूर्णपणे धडधाकट आहे. एवढं एक वाक्य लिहिताना मला रडू आलं. पुढं तीन वर्षांची रक्कम, व्याज, दंड, सगळं कबूल केलं. एक लाख सदतीस हजार. नोकरीचं काय होईल ते त्यांनाही सांगता येईना. उठताना मी विचारलं, "मॅडम, सिंधु बाईंना त्यांचे मागचे पैसे आता परत मिळतील का?"

त्यांनी विचार केला. "त्या वर्षांत चालू असलेलं प्रमाणपत्र आहे का त्यांच्याकडं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

जिन्यातच फोन वाजला. "चालला का कागद?" रामलिंग सर.

"दिलाच न्हाई, सर. खरं लिहून दिलं. उद्या तुमची तारीख हाय, तुम्हीबी खरंच सांगा." त्यांनी फोन कट केला. नांदेडच्या स्टँडवर मी त्या कागदाचे बारीक बारीक तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर एकानं माझ्याकडं बघितलं नाही, दुसऱ्यानं बघून तोंड फिरवलं. सिंधु बाई नुकत्याच आल्या होत्या. स्कुटी लिंबाखाली उभी करून कमरेची ओढणी सोडत होत्या. मी पुढं होऊन पुनमला काखेत हात घालून धरलं.

"चालला का हो कागद?" त्यांनी विचारलं, गाठ सोडता सोडता.

मी दचकलेच. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई, ह्या पोरीच्या कागदाची झेरॉक्स आजवर कुणी मागितली न्हाई. तुम्ही मागितली तवाच कळलं."

"मग दिली कशाला?"

गाठ सुटली. पुनमचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. सिंधु बाईंनी ओढणीची घडी घातली.

"मला त्या कागदाचा काही उपयोग झाला न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमचं तरी काम होऊ द्या."