खड्यामागे एक बेदाणा

आई लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभी राहून संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पसरून बसायची आणि आम्हाला हाक मारायची. मी सात वर्षांची, बारक्या पाचचा. माझ्याकडे डाळ निवडण्याचं काम, बारक्याकडे लसूण सोलण्याचं. तो सोलायचा चार पाकळ्या आणि सालं मात्र स्वतःच्या केसांपर्यंत पोहोचवायचा. डाळीत खडा सापडला की एक बेदाणा, तो दोघांत वाटून. आई भाजी चिरता चिरता गिऱ्हाइकांच्या खिशांत काय काय निघालं ते सांगायची, आणि आम्ही हसून हसून लोळायचो. इतकं निवांत मी नंतर कुठेच बसले नाही.

थोरल्या आत्याला हे पसंत नव्हतं. आत्या शाळेत हेडबाई, घरातही हेडबाईच.

"सुरीपाशी कसली पोरं बसवतेस? नुसती लुडबुड! संध्याकाळी माझ्याकडे पाठव दोघांना. चार अक्षरं तरी शिकतील."

बाबा बहिणीपुढे मान डोलवण्यापलीकडे काही करत नसत. आईचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "रविवारी जेवायला या, वन्सं. पोरांच्या हातचं खाऊन बघा, मग ठरवू."

आणि नेमकं त्याच आठवड्यात वाण्याने सुटी डाळ बंद करून पाकिटातली ठेवली. चकचकीत, औषधालाही खडा नाही. ताट दोन मिनिटांत संपलं. आई म्हणाली, "झालं? जा मग, खेळा."

बेदाण्याचा लोभ होताच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून ते 'जा' जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी बारक्याने अंगणातून मूठभर बारीक खडी आणली. मी थोरली, त्याला अडवायला हवं होतं. मी ती खडी स्वच्छ धुऊन घेतली, एवढीच माझी अक्कल. मग रोज आम्ही गुपचूप पाच-सहा खडे डाळीत मिसळायचो आणि आईसमोर मोठ्या कष्टाने शोधून काढायचो.

रविवारी सात टाकले. सहा सापडले. सातव्यासाठी मी डाळ उलटीपालटी करत होते, तेवढ्यात दारात आत्याचा आवाज आला. आईने घाईने ताट उचललं आणि डाळ धुऊन पातेल्यात टाकली. आता आत्यासमोर सांगायचं कसं?

जेवताना मी आत्याच्या तोंडाकडेच बघत होते. तिसऱ्या घासाला कट्टकन आवाज झाला. आत्याने गालावर हात दाबला.

"तरी मी सांगत होते! कुणी निवडली ही डाळ?"

बारक्या माझ्याकडे बघायला लागला. आता आपल्या संध्याकाळी गेल्या, हे मला कळून चुकलं.

"मीच, वन्सं," आई शांतपणे म्हणाली. "आज घाई झाली, पोरांना बसवलंच नाही. त्यांच्या हातून असा खडा राहत नाही."

"म्हणजे या चिमुरड्यांपेक्षा तूच आंधळी?" आत्याला आता आईची चूक सापडली होती, मग काय विचारता! "उद्यापासून यांनाच निवडू दे. तू हात लावू नकोस."

"बरं," आई म्हणाली. खाली मान घालून तिने आत्याला भात वाढला.

आत्या गेल्यावर आई भांडी घासायला बसली. मी तिच्यामागे उभी राहून रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं, खडी धुतल्याचंसुद्धा.

"माहीत आहे," आई म्हणाली. "पाकिटातल्या डाळीत आपल्या अंगणातली खडी कशी येईल, वेडे?"

"मग आठवडाभर बेदाणे का दिलेस?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. ओल्या हातानेच माझं नाक पुसलं.

"तुम्ही दोघं बसत होतात ना माझ्याजवळ."