शेवटच्या रिळाचे चाळीस फूट

मित्रांनो, हा पत्र्याचा गोल डबा उघडलात तर आत मी गुंडाळून पडलेले दिसेन. भाडेकरूंच्या घरात झालेल्या एका खुनाच्या गाजलेल्या सिनेमाचे मी सातवे आणि शेवटचे रीळ. माझ्या सहा भावंडांनी दोन तास खुनी शोधायचा आणि मी तो पकडून द्यायचा, अशी आमची वाटणी होती. त्यातले दुसरे रीळ जरा कंटाळवाणे आहे. सख्खे भावंड असले तरी हे सांगते, कारण आज खरे तेवढेच सांगायचे मी ठरवले आहे.

आम्ही नवे कोरे असताना एका थिएटरात मामाच्या हाती आलो. मामा तिथला ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचे यंत्र चालवणारा. त्याचा हात फार हलका. पट्टी फाटली तर तो खराब भाग कापी, दोन्ही टोके खरवडून चिकटवी आणि जोडाशेजारी लाल शाईचा ठिपका देई, म्हणजे पुढच्या खेळाला तिथे नजर ठेवता येई. कापलेला तुकडा फेकायचा नाही, रिळांबरोबर कंपनीला परत करायचा, असा नियम होता.

पहिले दोन आठवडे कुणी फिरकले नाही. मग एका दुपारच्या खेळाला मामाच्या हातून चूक झाली. ऑपरेटरने यंत्राकडे बघायचे असते, आणि हा खिडकीला डोळे लावून सिनेमा बघत बसला. शेवट त्याला फार आवडायचा. मागे मला गुंडाळून घेणाऱ्या खालच्या चाकाचा पट्टा निसटला आणि माझा ढीग जमिनीवर पडू लागला. मामा धावत आला तो नेमका माझ्यावर पाय देऊन. माझे चाळीस फूट वाया गेले, म्हणजे पडद्यावरचे जेमतेम अर्धे मिनिट. पण त्याच अर्ध्या मिनिटात इन्स्पेक्टर खुनी कोण ते सांगत होता.

मामाने तुकडा कापला आणि मला जोडले. पुढच्या खेळात इन्स्पेक्टरने बोलायला तोंड उघडले आणि लगेच घरमालकीण आणि सगळे भाडेकरू सकाळच्या चहाला टेबलाभोवती बसलेले दिसले. खुनी कोण ते कळलेच नाही. आता लोक खुर्च्या मोडणार, असे मामाला वाटले. लोक मात्र भांडत बाहेर पडले. कुणी म्हणे डॉक्टर, कुणी म्हणे पुतण्या. दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्लची पाटी लागली.

"आता हात लावू नकोस त्याला," थिएटरच्या मालकाने बजावले. मामाने तोंड शिवून घेतले.

आमचा सिनेमा पंचवीस आठवडे चालला. दुसरीकडे तो आपटला, कंपनी बुडाली, बाकीच्या प्रती ओल्या गोदामात कुजून गेल्या. पुढे जिथे जिथे हा सिनेमा दिसला, तिथली प्रत आमच्यावरूनच काढलेली. खुनी न सांगण्याचे धाडस केले म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. स्तुती ऐकली की मला लाज वाटायची. मी धाडस केले नव्हते, मी फाटले होते.

चाळीस वर्षांनी नवी प्रत काढण्यासाठी आम्ही सिनेमाच्या संग्रहालयात आलो. तिथे जुन्या पट्ट्या दुरुस्त करायला मामाची भाची होती. ते काम तिला मामानेच शिकवले होते. तिने माझ्यावरचा लाल ठिपका पाहिला आणि मामाला बोलावून घेतले.

"मामा, हा जोड तुझाच ना? मग तुकडा कुठंय?"

मामाने कानांवर हात ठेवले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काखेत डबा घेऊन दारात उभा.

"घे. कंपनीच बुडाली, तुकडा परत कुणाला करणार? सिनेमाची अब्रू गेली तर माझ्यामुळे गेली म्हणून सांग."

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी आमच्यावर जाडजूड पुस्तक लिहिले होते. खुनी कळत नाही, यातच सिनेमाची थोरवी, असे त्यांचे म्हणणे. तुकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे जोडलं तर उरतं काय गं?"

"तेच एकदा बघू या ना, बाई," भाची म्हणाली.

मलाही भीती वाटत होती. पण मी मनाशी पक्के केले की पडायचेच असेल तर पूर्ण होऊन पडायचे. मामाने दोन जोड दिले, दोन ठिपके दिले.

दुपारी तीनला संग्रहालयाच्या थिएटरात शंभरेक लोक जमले. माझे चाळीस फूट सुरू झाले. इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावरून मामाच्या पायाचा ठसा क्षणभर सरकला आणि इन्स्पेक्टरने नाव घेतले. घरमालकीण.

"हात्तिच्या, एवढंच?" मागून कुणीतरी म्हणाले. दोघे-तिघे उठून गेले. मी खचले, पण फिरत राहिले.

मग तो चहाचा प्रसंग आला. इतकी वर्षे लोक त्यात एकेका चेहऱ्यावर खुनी शोधत होते. आज सगळे फक्त घरमालकिणीचे हात बघत होते. तिने खून झालेल्या माणसाच्या लहान मुलीला दूध दिले, साखर ढवळली, गरम आहे म्हणून फुंकर घातली. दारात पोलीस थांबले होते. मुलीचा पेला रिकामा होईपर्यंत थिएटरात कुणी हलले नाही.

दिवे लागल्यावर बाई भाचीजवळ आल्या.

"माझं पुस्तक चुकलं," त्या म्हणाल्या. "सिनेमा नाही चुकला." मग त्या मामाकडे वळल्या. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"लोक डोक्यावर घेऊन नाचत होते, बाई. खाली कसं उतरवायचं?"

दुसरे रीळ अजूनही कंटाळवाणेच आहे, ते काही सुधारायचे नाही. पण मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या जागी जपून ठेवा, आणि त्यांचे तुटलेले तुकडेही जपा. कुणाला थोर म्हणायचे असेल तर आधी त्याला पूर्ण बघा. नव्या प्रतीतून मामाच्या पायाचा ठसा सहज पुसता आला असता. भाचीने तो तसाच ठेवला.